फाटकाला कडी

पत्र:
अक्का, मी कथा लिहिते. दोन संग्रह निघालेत. पुण्यातली नोकरी सोडून पाटोदा तालुक्यात वडिलांच्या तीन एकर कोरडवाहू रानात राहायला आले, निवांतपणे कादंबरी लिहायची म्हणून. पहिल्याच उन्हाळ्यात वीटभट्टीवरचं एक लंगडं गाढव आलं. आता ते गाढव, दोन म्हातारे बैल, दोन भाकड गाई, एक आंधळी शेळी, चौदा कुत्री, मोजत नाही इतकी मांजरं आणि कुत्र्यांच्या तोंडून सोडवलेलं लांडोरीचं पिल्लू एवढा बारदाना आहे. लोक मला ‘कुत्र्यावाली बाई’ म्हणतात आणि रात्री येऊन फाटकाला जनावर बांधून जातात, गावाचा रागच येतो. मागच्या आठवड्यात असंच आलेलं कुत्र्याचं पिल्लू सालगड्याच्या पोराला चावलं आणि दोन दिवसांत मेलं. जखमेला हळद-चुना लावलाय. घर अनुवादाच्या कामावर चालतं. उन्हाळ्यात पाणी पुरेल का याची धास्ती असते, कडबा मे महिन्यात मागतील त्या भावानं घेते. जनावरांमुळे लिहिणं थांबलंय, किल्लारीच्या भूकंपावरची कादंबरी अर्ध्यात अडकलीय. आजोळी दावणीला बांधलेली जनावरं सोडवायला कोणी गेलंच नाही, माणसांतच सगळे गुंतले होते. प्रकाशक म्हणतात, ते राहू द्या, कुत्र्या-मांजरांवर लिहा, खपेल. भाऊ म्हणतो, एकट्या बाईचं माळावर काय होणार, हे सगळं मोडून संभाजीनगरला ये. या वाळवंटात मी लेखिका उरलेय की गुराखी, हेच कळेना झालंय. काय करू?

लेकी,

कादंबरीचं मागाहून बघू. हे वाचलंस की पोराला घेऊन सरकारी दवाखाना गाठ. चावलेलं पिल्लू दोन दिवसांत मेलं, ही गोष्ट तू पत्रात सहज लिहून गेलीस आणि इकडे माझ्या अंगावर काटा आला. रेबीज एकदा डोकं वर काढल्यावर त्याला औषध नाही, त्याच्या आधी मात्र लस आहे. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. तेव्हा राहिलं असेल तर आत्ता धू, आणि ती हळद-चुना पुसून काढ. आठवडा उलटला म्हणून उपयोग नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. लस पहिल्या दिवशी, त्यापासून तीन दिवसांनी, सात दिवसांनी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी घ्यायची, मध्येच सोडायची नाही. रक्त आलं होतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांग. आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं. त्या पिल्लाचे दात किंवा लाळ तुझ्या हाताला लागली असेल तर तूही दाखव. चौदाही कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचायची. नसबंदी झाली नसेल तर तीही करून घे, नाहीतर पुढच्या पत्रात चौदाची चाळीस होतील.

आता लांडोर. मोर-लांडोर पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तुझा हेतू कितीही चांगला असो. पण मला कायद्यापेक्षा त्या पिल्लाची काळजी जास्त वाटते. माणसाच्या हातून दाणा खाणारं पाखरू रानात सोडलं की कुत्र्याला बघून पळत नाही. वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन कर. तुझ्याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, आणि शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात तागडगावला जखमी वन्यप्राण्यांचं केंद्र चालतं. तुझ्या माळावर राहण्यापेक्षा त्याचं तिथे भलं होईल.

एवढं झालं की चहा घे आणि पुढचं वाच.

तुझं रान वाळवंट नाही. पाऊस पडतो, पण बालाघाटाच्या काळ्या पाषाणात पाणी धरून ठेवायला जागा थोडी, त्यामुळे आलेलं पाणी निघून जातं आणि मार्चनंतर बोअर गुळणी टाकतो. तू पाण्याच्या धास्तीत आहेस हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. मी हिशेब मांडून बघितला. मोठं जनावर भर उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितं. तुझी पाच मोठी जनावरं, शेळी, कुत्री धरून पावणेतीनशे लिटर झालं. दहा हजार लिटरचा टँकर नुसत्या पिण्याला महिनाभर सहज पुरतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली काय झालं असतं ते सोड. एरवी पाण्यापायी तू मोडणार नाहीस.

मोडशील ती कडब्यापायी. एका गुराला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण धरली तरी वर्षाला अडीच टनांच्या आसपास जाते. चार गुरांना नऊ-दहा टन, गाढवाचं वेगळं. तुझ्या तीन एकरांत चांगल्या सालीसुद्धा एवढा कडबा निघायचा नाही. म्हणजे विकत घेणं आलं, आणि तू तो घेतेस मे महिन्यात, शेकड्याला मागतील तो भाव देऊन. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाचा कडबा एकदम घेऊन गंज लावायची, वरून ताडपत्री टाकायची. भावाला तुझी एवढी काळजी असेल तर त्याला सांग, संभाजीनगरला खोली देण्याऐवजी फेब्रुवारीत कडब्याचे पैसे दे. काळजी किती खोल आहे तेही कळेल.

एकट्या बाईचं माळावर काय होणार, हे त्याचं म्हणणं मी इथेच सोडून देते. सालगड्याचं कुटुंब दारात आहे आणि चौदा कुत्री आहेत. अंधारात तुझ्याकडे यायचं धाडस मी तरी करणार नाही.

तुझ्याच तालुक्यालगत, शिरूर कासारमधल्या दहिवंडीचे सय्यद शब्बीर तुला ठाऊक असतील. गुरं सांभाळण्याबद्दल 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे घरचं सगळं माणूस गोठ्यात राबतं आणि शेणखत विकून पैसा येतो. तुझ्या गोठ्यातलं शेण कुठे जातं? पत्रात त्याचा शब्द नाही. बहुतेक सालगडी नेत असेल. नेऊ दे, पण मग ते त्याच्या सालाच्या मजुरीत धर.

आता लिखाणाकडे येते. जनावरांमुळे लिहिणं थांबलं, असं तू म्हणतेस. मला तसं वाटत नाही. ओळखीचं जनावर माणसाला फार त्रास देत नाही. वैरण, पाणी, शेण झालं की बैल रवंथ करत बसतो, त्याला तुझ्याकडून आणखी काही नको असतं. तुला खातंय ते तुझं फाटक. आज रात्री कोण काय बांधून जाईल, ते जगेल का, डॉक्टर येतील का, पैसे कुठून येतील, असा तुझा कान कायम फाटकाकडे लागलेला. अशा कानानं वाक्य ऐकू येत नाही.

म्हणून फाटकाला कडी लाव. आहेत तेवढ्यांना मरेपर्यंत सांभाळ, नवीन एकही नको. आजारी जनावर घेऊन कोणी आलं तर 1962 नंबर दे, सरकारी पशुवैद्यकांची गाडी येते. गाडीच्या आवाक्यातलं नसेल तर परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथवर न्यायचं काम मालकाचं, तुझं नाही.

गावावर तू चिडली आहेस, तेही जरा कमी कर. 2015 पासून बैलसुद्धा कापायला विकता येत नाही. कायद्याची बाजू-विरोधी बाजू मला इथे उगाळायची नाही, पण म्हाताऱ्या बैलाची वैरण कोणाच्या डोक्यावर पडली ते बघ. ट्रॅक्टरनं नांगरणाऱ्या दोन एकरवाल्याच्या. आणि ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलेलं असतं. कोयता, भांडी, लेकरं घेऊन ट्रकमध्ये बसताना कुत्रं राहतं मागे. निर्दयपणाने सोडत नाहीत, जागाच नसते. अशा घरांशी तू उघड बोली करू शकतेस. आपल्याकडे शेळी अर्धलीनं, म्हणजे सांभाळणाऱ्याला अर्धी पिल्लं द्यायच्या बोलीवर, देतात की नाही? तसं. साखर कारखान्याचा हंगाम संपून ती माणसं परत येईतो त्यांचं जनावर तू ठेवायचं, त्यांनी आल्यावर तुझ्या रानात ठरलेले दिवस काम करायचं आणि जनावर घेऊन जायचं. दोन घरांपुरतंच कर. नाव, जनावर, परत न्यायचा महिना वहीत लिही, अंगठा घे. रात्री गुपचूप बांधलेलं सकाळी सरपंचाच्या दारात नेऊन बांध. लोक चार दिवस नावं ठेवतील. ‘कुत्र्यावाली बाई’ म्हणतातच, त्यात आणखी एक भर.

हे तुला जमेल का, याची मला शंका आहे, आणि त्याचं कारण तुझ्याच पत्रात सापडलं. किल्लारीबद्दल लिहिताना तू एक वाक्य घातलंस: ‘आजोळी दावणीला बांधलेली जनावरं सोडवायला कोणी गेलंच नाही, माणसांतच सगळे गुंतले होते.’ 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून झोपलेल्या त्या रात्री, तू चौदा वर्षांची असशील. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून दे. पण मला वाटतं, त्या दावणीवरून तू उठलेलीच नाहीस. म्हणून फाटक लागत नाही, आणि कादंबरीही तिथेच अडते. कुठल्या प्रकरणात अडली ते तू लिहिलेलं नाहीस. गोठ्याच्या प्रकरणात, असं मी धरून चालले आहे.

असेल, तर तेच प्रकरण आधी लिही. क्रम मागून लावता येतो.

प्रकाशकांना नम्रपणे नाही कळव. कुत्र्या-मांजरांचं पुस्तक तुला कधी आतून लिहावंसं वाटलं तर लिही, खपेल म्हणून नको. आणि खपण्याचा हिशेब तरी काय? हजाराची आवृत्ती, तीनशे किंमत, दहा टक्के मानधन, सगळ्या प्रती गेल्या तर तीस हजार. एवढ्यात तुझ्या दोन बैलांचं वर्षही धड निघणार नाही. मराठीत लिहून कोणाचा गोठा चालला नाही. अनुवादाच्या पैशातून जनावरं सांभाळ, शेणखताचे चार पैसे जोड, आणि कादंबरीकडून कडब्याची अपेक्षा धरू नकोस. तिच्या मानेवर ते जू टाकलंस तर ती बसेल.

सालगड्याच्या बायकोला दुपारी जेवणानंतर दिवस कलेपर्यंत गोठा सांभाळायला सांग, तिचे वेगळे पैसे दे, आणि त्या वेळात तू घरी नाहीस असं समजायचं, असं दोघांनाही बजाव. पहाट तुझ्या कामाची नाही, पहाटे धारा नसल्या तरी गोठा जागा असतो. दुपारी सगळी जनावरं सावलीला पडतात, कुत्रीसुद्धा.

लेखिका की गुराखी, हे विचारलंस. दोन्ही आहेस, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे मला कळलं नाही.

दसरा तोंडावर आलाय. टोळ्या निघायच्या आत, या आठवड्यातच गावात सांगून ठेव की यंदापासून बोलीशिवाय एकही जनावर आत घेणार नाही. पारावर सांग, पोरांकडून निरोप धाडू नकोस. आणि पोराला लस दिल्यावर मला दोन ओळी कळव.

तुझी अक्का