मेअखेरीस झुरिचच्या सरोवरात पोहता येईल का?

प्रश्न असा आहे: मेच्या शेवटी आम्ही झुरिचला राहायला येतोय, तिथल्या सरोवरात पोहता येतं का, पाणी किती थंड असतं, मुलगा १० वर्षांचा आहे आणि आजोळी विहिरीत पोहायला शिकलाय.

पोहता येतं, आणि पाणी इतकं नितळ असतं की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता येतात. पण मुलगा विहिरीत शिकलाय हे वाचलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण मी पण तासगावकडच्या विहिरीतच शिकलोय, पाठीला डबा बांधून, मामाने वरून ढकललं तेव्हा. आपल्याकडे विहिरीत उतरायची पद्धत एकच, काठावरून पळत यायचं आणि मुटका नाहीतर सूर मारायचा. ती सवय इथे निदान जुलैपर्यंत बाजूला ठेवायची.

माझ्या इथल्या पहिल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. रविवार होता, हवा २६-२७ अंश, लख्ख ऊन, हिरवळीवर लोक उघडे पडलेले, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं की पाणी १४. मी तो आकडा वाचला पण त्याचा अर्थ मला कळलाच नव्हता. उन्हात तासभर बसून अंग तापलेलं, तसाच धावत जाऊन सूर मारला. वर आलो तर छाती आवळल्यासारखी झालेली, नुसत्या धापा लागल्या, मोठमोठ्या, आणि त्या थांबवायच्या म्हटलं तरी थांबेनात. विहिरीत पन्नास फेऱ्या मारणारा माणूस मी, पण हाताला लय सापडेना. शिडी अगदी चार हातांवर होती, तिला धरून मिनिटभर तसाच राहिलो आणि मग श्वास जागेवर आला.

हे मला एकट्यालाच होतं असं नाही, कुणालाही होतं. अंगाची कातडी अचानक गार पडली की शरीर आपोआप जोरात श्वास आत ओढतं, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं, चांगलं पोहणारे लोक काठाजवळ बुडतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. चांगली गोष्ट म्हणजे हे सगळं एक-दोन मिनिटांत ओसरतं. पाय, मग कंबर, मान आणि छातीवर पाणी मारून, फुंकर घातल्यासारखा लांब श्वास सोडत हळूहळू उतरलं तर इतका झटका बसतच नाही. इथे काठाकाठाला पोहण्याच्या नियमांचे बोर्ड असतात, त्यातही तापलेल्या अंगाने पाण्यात उडी मारू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता आकडे. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी ५ अंशांच्या आसपास, एप्रिलमध्ये ९-१०, मेमध्ये साधारण १३ ते १६, जूनमध्ये १८ ते २० आणि जुलै-ऑगस्टमध्ये २२ ते २४, एखाद्या कडक उन्हाळ्यात त्याच्याही वर जातं. सप्टेंबर मला सगळ्यात आवडतो, पाणी अजून २० च्या आसपास असतं आणि गर्दी नसते. ऑक्टोबरमध्ये परत १५-१६. तुलनेला सांगायचं तर आपल्या विहिरीचं जे पाणी मेमध्ये आपल्याला गारेगार वाटतं ते सुद्धा २५ च्या आसपास असतं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या पाण्यापेक्षाही जास्त. सरोवर पूर्ण गोठलेलं मात्र शेवटचं १९६३ मध्ये, त्यानंतर नाही.

आणि हे सगळे आकडे वरच्या थराचे आहेत हे लक्षात ठेवा. विहिरीत बुडी मारली की खाली पायाला एकदम गार लागतं ना, तसंच इथे, फक्त हे सरोवर १३६ मीटर खोल आहे. शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी याच सरोवरातून, तीसेक मीटर खोलीवरून घेतात आणि तिथलं पाणी ऑगस्टमध्येसुद्धा ५-६ अंशच असतं. त्यामुळे दोन दिवस जोराचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी एका बाजूला ढकललं जातं, खालचं गार पाणी वर येतं आणि काल २३ असलेलं पाणी आज चार-पाच अंशांनी उतरलेलं असतं. म्हणून मागच्या आठवड्याच्या अनुभवावर जाऊ नका, त्या दिवशीचा आकडा बघा, जलपोलिसांची मिथेनक्वाय आणि टीफेनब्रुनेनला हवामान केंद्रं आहेत, त्यांचे ताजे आकडे ऑनलाइन मिळतात.

पोहायचं शक्यतो बाडीतच. बाडी म्हणजे काठावरची पोहण्याची जागा, शिड्या, शॉवर, कपडे बदलायच्या खोल्या, लाईफगार्ड सगळं असतं. साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालू असतात, सरोवराकाठच्या बाडींना बहुतेक तिकीट असतं. मुलासाठी मिथेनक्वाय बरी, तिथे वाळूचा उथळ काठ आहे. उटोक्वायची लाकडी बाडी १८९० ची आहे, दिसायला फार सुंदर, पण तिथे शिडीवरून थेट खोल पाण्यातच उतरायचं, मुलाला तिथे घाईने नेऊ नका. लिम्माट नदीवर लेटेनला फुकट पोहता येतं पण ते वाहतं पाणी आहे, पहिल्या वर्षी मुलाला तिथे नकोच. आणि बोटींच्या धक्क्याजवळ अजिबात पोहायचं नाही, मोठ्या प्रवासी बोटी असतात.

काठावर नारिंगी दिवे दिसतील. ते मिनिटाला ४० वेळा लुकलुकायला लागले तर वादळाची शक्यता आहे, ९० वेळा लागले तर वादळ आलंच समजा. मोजत बसायची गरज नाही, दिवा लागला की मुलाला बाहेर काढा, उन्हाळ्यात संध्याकाळी डोंगराकडून ढग अर्ध्या तासात येतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाहेर आल्यावर लगेच टॉवेल, कोरडे कपडे, अंगात काहीतरी जाड. खरी हुडहुडी पाण्यात नाही, बाहेर आल्यावर पाच-दहा मिनिटांनी भरते, आणि मुलं पाण्यात असताना "नाही थंडी वाजत" म्हणतात ते ऐकायचं नाही, ओठ निळे दिसले की बाहेर. जुलैत उथळ कोमट पाण्यात पोहल्यावर कधीकधी अंगावर खाजरे लाल ठिपके येतात, गोगलगायींमधून पाण्यात येणारे बारीक परजीवी असतात ते, खरं तर बदकांचे, माणसाच्या अंगात टिकत नाहीत. लगेच अंग खसखसून पुसलं आणि शॉवर घेतला की त्रास कमी होतो.

तुम्ही मेअखेरीस पोचताय तर पहिले दोन-तीन आठवडे मुलाला फक्त पायऱ्यांवर बसवा, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि पोहायचं तेव्हा काठाला समांतर, पाय टेकतील एवढ्याच पाण्यात, तुम्ही शेजारी. पाच मिनिटं पुष्कळ झाली. मग जुलैत फळ्यावर २३ लिहिलेलं दिसलं की आधी शॉवरखाली अंग ओलं करून घेऊ दे आणि बाडीत उड्यांसाठी जी जागा ठरवलेली असते तिथून त्याला हवे तेवढे मुटके मारू दे.