झाडांच्या रोपांना रायझोबियम देऊनही फरक का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की बहावा, शिरीष, साग अशा सगळ्याच पिशव्यांना रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) दिलं, जोडीला थोडा युरियाही, आणि तीन महिन्यांनी दिलेल्या-न दिलेल्या रोपांत काडीचा फरक नाही. फसवलं गेलो का, असं विचारताय. नाही, पाकीट चुकीच्या मुळाशी गेलं.

रायझोबियमचं जमतं ते शेंगवर्गीय झाडांशी, तेही सगळ्यांशी नाही. सागाचा प्रश्नच नाही. बहाव्याला हातभर शेंगा लागतात म्हणून मीही एकदा त्याचं किलोभर बी मोठ्या हौसेनं चोळलं होतं. बहाव्याच्या मुळांवर गाठी येतच नाहीत! चिंच, गुलमोहर त्यातलेच. शिरीष, खैर, बाभूळ, करंज यांना येतात. (सुरूला शेंगा नसूनही गाठी असतात, पण त्या फ्रँकिया या वेगळ्याच जिवाणूच्या.)

तेव्हा तुमच्या तिघांत शिरीषच कामाचा. त्याचा युरिया आधी बंद करा. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी पोसायच्या भानगडीत पडत नाही. मग एक पिशवी पाण्यात बुडवून माती सैल करा आणि रोप अलगद सोडवा. ओढलंत तर गाठी मातीतच राहतील. गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर नत्र बांधायचं काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नुसते जेवायला बसलेले पाहुणे.

साग आणि बहाव्याला मायकोरायझा द्या. ही बुरशी. तिचे तंतू मुळांच्या पल्याड पसरून स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, म्हणून वरून भुरभुरून उपयोग नाही. रोप पिशवीत लावताना मुळांना टेकेल अशी घाला. सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या खताचा मारा केलात तर तीही रुसते. आणि भरपूर शेणखताच्या पिशवीत फरक कमीच दिसतो, हलक्या मातीत जास्त.

शिरीषाचं बी गरम पाण्यातून काढता ना? पूर्ण गार झाल्यावरच गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा.

पुढच्या खेपेला तुलनेसाठी वीसेक पिशव्या काही न देता कोऱ्या ठेवा, पण उताराच्या वरच्या अंगाला. माझ्या खालच्या अंगाला होत्या. झारीचं पाणी वाहत गेलं आणि त्यांनाही गाठी धरल्या.