गाळा घेतलात, मुलीला विचारलंत?

प्रश्न : माझी मुलगी ऑक्युपेशनल थेरपीची (आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) पदवी घेऊन मुंबईत एमओटीच्या, म्हणजे त्याच विषयाच्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. नीटमध्ये एमबीबीएस थोडक्यात हुकलं म्हणून ही लाइन घेतली. आता तिने हाताच्या दुखापतींचा विषय धरलाय. आमचे एक डॉक्टर मित्र म्हणतात, ते तर फिजिओचंच काम. लहान मुलांच्या थेरपी सेंटरला हल्ली मोठी मागणी आहे असं ऐकतो, म्हणून कर्ज काढून कराडला पहिल्या मजल्यावर 300 चौरस फुटांचा गाळा घेतलाय. हप्ते तिच्या कमाईतून फिटतील. तिला अजून सांगितलेलं नाही, दिवाळीला सरप्राइज देणार आहे. शनिवार-रविवार येऊन तिने सुरुवात करावी. प्रबंध बाहेरून करून मिळतो असंही कळलं, तेवढाच तिचा वेळ वाचेल. हल्ली फोनवर ती हो-नाहीपुरतंच बोलते. तिला मुलांच्या विषयाकडे कसं वळवावं? किंवा पुन्हा नीटला बसवावं का?
– एक पालक, कराड

नमस्कार,

तुमच्या पत्रात गाळा आहे, कर्ज आहे, डॉक्टर मित्र आहेत. मुलगी स्वतः काय म्हणते, ते मात्र कुठेच नाही. तिच्याबद्दल एकच गोष्ट कळते : ती फोनवर बोलत नाही. तीही तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. मला काळजी तिथेच वाटते.

सरप्राइज म्हणून दिलेल्या गाळ्याचे हप्ते जिने फेडायचे, तिला दिवाळीच्या दिवशी, फराळाच्या ताटासमोर, नाही कसं म्हणता येईल? त्या वेळी ती हसून 'छान आहे बाबा' म्हणेल आणि मुंबईला गेल्यावर तिचा फोन आणखी तुटक होईल. तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिचा विषय, तिचं गाव, तिचे रुग्ण आणि तिची पहिली काही वर्षांची कमाई, सगळं तुम्ही ठरवून टाकलंत आणि मला विचारताय की तिला वळवावं कसं. ते मी सांगणार नाही. गाळ्याची गोष्ट दिवाळीची वाट न पाहता, या आठवड्यातच, साध्या शब्दांत तिच्या कानावर घाला. सोबत हेही सांगा की हप्ते तुमचे आहेत.

तिच्या गप्प राहण्याला अभ्यासाचंही कारण असू शकतं. पदव्युत्तरचं पहिलं वर्ष दमवणारं असतं. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, दुपारी सेमिनार किंवा जर्नल क्लब, मध्येच पदवीच्या मुलांना शिकवणं आणि रात्री प्रबंधाची रूपरेषा. ही रूपरेषा लिहिणं दिसतं तेवढं सोपं नाही. आधी विषय गाइडच्या गळी उतरवायचा, किती रुग्ण लागतील याचं गणित मांडायचं, नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी करायची. एखादी प्रश्नावली मराठी रुग्णांवर वापरायची तर मूळ कर्त्याची परवानगी, मराठी भाषांतर, मग दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर. एवढं करून रुग्ण मिळतात आणि चौथ्या आठवड्यात येणं बंद करतात, कारण रोजंदारी बुडवून गाडीभाडं कोण भरणार? ठरलेला आकडा गाठताना मुलं रडकुंडीला येतात.

आणि हा प्रबंध तुम्ही 'बाहेरून' करून घेणार? स्पष्ट लिहितो, हा विचार तिच्यासमोर बोलूनही दाखवू नका. ते बेइमानीचं काम आहे. पकडलं गेलं तर पदवी जाते. पकडलं गेलं नाही तरी परीक्षक दोन प्रश्नांत ओळखतात की डेटा कुणी गोळा केला.

नीट पुन्हा नको, हातात आलेलं शिक्षण सोडून मागे जाण्याला अर्थ नाही. परदेशाचा विचार असेल तर ब्रिटनमध्ये तिथल्या नियामक संस्थेची, एचसीपीसीची नोंदणी आणि अमेरिकेत एनबीसीओटी या मंडळाची परीक्षा हे रस्ते आहेत, ते तिला ठाऊक असतील.

आता 'ते तर फिजिओचं काम' याबद्दल. हा गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे, म्हणून तुमच्या मित्रांना दोष देत नाही. तुमच्याच भागातला रुग्ण घ्या. कडबाकुट्टीत हात गेला, बोटं वाकवणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायूंना हाडाशी जोडणारे टेंडन) तुटल्या, सर्जनने त्या जोडल्या. पुढचे साधारण सहा आठवडे कसोटीचे. बोटं जोरात ताठ केली किंवा वजन उचललं तर शिवण तुटते, आणि अजिबात हलवली नाहीत तर शीर आजूबाजूला चिकटून बसते व बोट वाकत नाही. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट, म्हणजे हाताच्या आकाराचा कडक आधार, बसवतात, बोटं आत वाकतील पण पूर्ण ताठ होणार नाहीत असा. त्यासाठी थर्मोप्लास्टिकचा (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) तुकडा साधारण 65 ते 75 अंशांच्या पाण्यात मऊ करायचा, पुसायचा, आणि तो कडक होण्याआधीच्या मोजक्या मिनिटांत हातावर योग्य कोनात धरायचा. लांबी कोपरापर्यंतच्या हाताच्या दोन तृतीयांश, खोली हाताच्या जाडीच्या निम्मी. कडा मनगटाच्या बाहेरच्या हाडावर टेकली तर तिथे जखम होते. काढल्यावर उमटलेली लाली 20 मिनिटांत गेली नाही तर आकार पुन्हा द्यायचा. पहिल्या आठवड्यात सूज उतरते आणि तोच स्प्लिंट सैल होतो, म्हणजे पुन्हा दुरुस्ती. मे महिन्यात बंद गाडीत राहिला तर वाकडा होतो. पुढे त्याच माणसाला धार काढायची असते, विळा धरायचा असतो, शर्टाची बटणं लावायची असतात. कोणतं काम कधी, कोणत्या जाडीच्या मुठीने, किती वेळ सुरू करायचं ते ठरवणं हा तिच्या शास्त्राचा गाभा आहे. फिजिओथेरपिस्टही हातावर काम करतात आणि चांगलं करतात, चांगल्या युनिटमध्ये दोघं शेजारी बसतात. पण एक दुसऱ्याची स्वस्त आवृत्ती नाही. आणि हे नवं फॅडही नाही. कमलाबाई निंबकरांनी केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण 1950 साली सुरू केलं.

गाळ्याबद्दलही बोलू, कारण पैसे अडकलेत.

मुलांच्या सेंटरला तो चालणार नाही. सेन्सरी इंटिग्रेशनसाठी, म्हणजे झोका, स्पर्श, तोल यांतून मुलांच्या संवेदनांचा मेळ बसवणाऱ्या थेरपीसाठी, छताला झोके टांगावे लागतात. हुक किमान तीन, दोन हुकांत अडीच-तीन फूट अंतर, आणि तेही स्लॅबमध्ये किंवा तुळईत. पीओपीच्या छतात हुक मारला तर पोरगं झोक्यासकट खाली. गोल फिरणाऱ्या झोक्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा, खाली जाड मॅट, पालकांना बसायला वेगळी खोली. 300 चौरस फुटांत हे कसं बसणार? त्यात पहिला मजला, आणि लिफ्टचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली नीट न जमणारं) दहा वर्षांचं मूल त्याची आई रोज काखेत घेऊन जिना चढेल, असं धरून चाललात का? तळमजल्याची जागा पाहतानाही लक्षात ठेवा, व्हीलचेअरच्या रॅम्पला 1 फूट उंचीमागे 12 फूट लांबी लागते. दीड फुटाचा ओटा असेल तर 18 फूट. बाजारपेठेत एवढी जागा सहसा मिळत नाही.

गंमत अशी, की जो विषय तुम्ही मोडीत काढायला निघालात त्याला हा गाळा बऱ्यापैकी जमेल. हाताचे बहुतेक रुग्ण जिना चढू शकतात. लागतं काय? भक्कम टेबल, स्वच्छ उजेड, बेसिन, स्प्लिंटसाठी गरम पाण्याचा पॅन, कात्र्या, हीट गन, कोन मोजायला गोनिओमीटर, पकड मोजायला डायनामोमीटर, एक कपाट. उसाचा पट्टा, शेजारी सांगली, इचलकरंजीचे माग. या भागात यंत्रात सापडलेले हात कमी नाहीत. पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या माणसाचा स्प्लिंट तिसऱ्या आठवड्यात सैल झाला तर तो कुणाकडे जातो, हे तुमच्या डॉक्टर मित्रांनाच विचारा.

याचा अर्थ तिने कराडला यावंच असा काढू नका. एमओटीनंतर एक-दोन वर्षं तरी तिने हाताच्या शस्त्रक्रिया होतात अशा युनिटमध्ये वरिष्ठांच्या हाताखाली काढावीत. या कामात रुग्ण सर्जनकडून येतो आणि सर्जन अनुभव बघून पाठवतो. पाटी लावून बसल्याने रुग्ण येत नाहीत.

शनिवार-रविवारचं तर विसराच. सुमारे 300 किलोमीटर येऊन परत जायचं आणि सोमवारी सकाळी ओपीडीत उभं राहायचं, हे एखाद-दुसरा महिना चालेल. शिवाय पूर्णवेळ पदव्युत्तर विद्यार्थ्याला बाहेर दवाखाना चालवायला बहुतेक कॉलेजं परवानगी देत नाहीत. प्रवेशाच्या वेळी तिने भरून दिलेलं हमीपत्र घरात असेल तर काढून वाचा.

गाळा अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देऊन टाका. बऱ्यापैकी हप्ता त्यातून सुटेल, उरलेला तुम्ही भरा. आणि पुढचा फोन कराल तेव्हा कमाई, सेंटर, मावसभाऊ-आतेबहीण कुणाचंच नाव काढू नका. रूपरेषा कुठवर आली, एवढंच विचारा. ती दोन वाक्यं जास्त बोलली तर मध्ये बोलू नका. तिची झोप, जेवण बिघडलंय किंवा तिला काहीच नकोसं वाटतंय असं जाणवलं, तर मात्र थांबू नका. एखाद्या रविवारी तिच्या आईसह मुंबईला जाऊन या, आणि गरज वाटली तर तिथल्याच मानसोपचार विभागात दाखवायला तिला साथ द्या.