पिकअपच्या मागच्या डिफरेन्शियलचं लॉक कधी लावायचं? पावसात डांबरी रस्त्यावर लावून ठेवलं तर चालेल का?

डांबरी रस्त्यावर अजिबात लावू नका, पाऊस कितीही असो. तुम्ही लिहिलंय की टोयोटाची हायलक्स पिकअप नवीन आहे, नेरूळहून मुरबाडच्या शेतावर जा-ये असते, आणि पाम बीच रोडवर पावसात मागचं चाक घसरल्यासारखं वाटलं म्हणून डिफरेन्शियल लॉकचं बटण दाबून ठेवावं का. मी ठाण्यात राहतो, शहापूरकडच्या शेतावर अशीच पिकअप नेतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वळताना बैलजोडीतला बाहेरचा बैल जास्त चालतो, आतला जवळजवळ जागेवरच पाय टाकतो. चाकांचंही तेच. मागच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर एका काटकोनी वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.४ मीटर जास्त धावतं. हा फरक डिफरेन्शियल सांभाळतं. पण ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक गाळात गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि मग कोरड्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच मिळत नाही. एक चाक गरगरतंय आणि गाडी तिथेच, हे त्यामुळे होतं. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, लावलं तरी पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं फिरत राहून गाडी अडकू शकते.

लॉकचं बटण दाबल्यावर डिफरेन्शियलच्या कवचातला दातेरी भाग विजेवर सरकतो आणि दोन्ही एक्सल एकमेकांना जखडले जातात. आता दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. मातीत टायर थोडा घसरून तो २.४ मीटरचा हिशोब भागवतो. डांबरावर तसं घसरायला जागा नसते, म्हणून टायर खरवडतात, एक्सलला पीळ बसतो आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ रेटत जाते. त्यात लॉक लागलं की हायलक्समध्ये एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी भरकटू न देणारी यंत्रणा) बंद होतात. ओल्या रस्त्यावर जे तुम्हाला वाचवणार तेच काढून टाकल्यासारखं होईल.

पाम बीचवर चाक घसरतं त्याचं कारण बहुतेक वेळा रिकामा हौदा. मागे स्प्रिंगचे पाटे वजन पेलायला बसवलेले, टू व्हील ड्राइव्हमध्ये सगळा जोर मागच्याच चाकांवर, आणि त्या चाकांवर भार नाही. तिथे अॅक्सिलरेटर हळू द्या, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगरू न देणारी यंत्रणा) चालू ठेवा, टायरमधली हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. एवढं पुरतं.

आता शेत. लॉक रुतल्यावर लावायची वस्तू नाही, रुतण्याआधी लावायची आहे. समोर खाचराचा बांध तिरका ओलांडायचाय, म्हणजे मागचं एक चाक हवेत जाणार, हे आधीच दिसतं. तिथे गाडी पूर्ण थांबवा, फोर-लो (फोर बाय फोरचा हळू पण जास्त जोराचा गिअर) टाका, चाकं सरळ करा आणि मग बटण दाबा. डॅशवरचा दिवा लुकलुकत राहतो, कारण आतले दाते अजून समोरासमोर आलेले नसतात. क्लच हळू सोडून गाडी हातभर पुढे घ्या, स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे करा. मागून टक् असा बारीक आवाज येतो आणि दिवा स्थिर होतो. तो स्थिर झाल्याशिवाय बांधावर चढू नका. चाक गरगरत असताना तर बटणाला हातच लावू नका, फिरत्या दात्यांवर धक्का बसून ते तुटू शकतात. पुढे चालण्याच्या वेगाने, एकाच लयीत जा.

आणि ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कारण ती फार कमी जण सांगतात: आडव्या उतारावर लॉक घातक ठरू शकतं. डोंगराच्या कडेने ओल्या तांबड्या मातीवरून जाताना लॉक नसेल तर एकच चाक घसरतं, दुसरं गाडीला जागेवर धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीची मागची बाजू दरीकडे सरकते. मुरबाडच्या पुढे माळशेजकडे गेलात तर अशा वाटा पुष्कळ. तिथे लॉक काढून, फोर-लोमध्ये, हळू. सरळ चढ असेल तेव्हाच लावा.

काम झालं की लगेच काढा. बटण बंद केलं तरी कधीकधी दिवा विझत नाही, कारण एक्सलमध्ये पीळ राहिलेला असतो. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटतं. कल्याण-मुरबाड रस्त्याला लागण्याआधी दिवा विझलाय हे डोळ्यांनी पाहा.

मित्राच्या थारशी तुलना करणार असाल तर थारच्या ज्या मॉडेलमध्ये यांत्रिक लॉक आहे, तिथे एक चाक फार जोरात फिरू लागलं की ते आपोआप लागतं, बटण नसतं. त्याचा सल्ला तुमच्या गाडीला तसाच लागू पडणार नाही.

पावसाळ्याआधी शेतावरच्या सपाट मातीत लॉक चार-पाच वेळा लावून-काढून पाहा, आणि पुढेही महिन्यातून एकदा. वापर नसला की आतला भाग अडकतो, वायरीच्या जोडात चिखल जाऊन गंजतो, आणि हे कळतं ते नेमकं बांधावर.