ओएसपीएफ, ईआयजीआरपी आणि बीजीपी हे मार्ग ठरवणारे तीन प्रोटोकॉल एकाच राउटरवर आहेत. तिन्हींना वेगवेगळा राउटर आयडी (राउटरची ओळख सांगणारा आकडा) द्यावा का? तो पिंग व्हायला हवा का?

वेगवेगळा अजिबात नको. एका राउटरला एकच आयडी, आणि तो प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये हाताने लिहिलेला. ‘प्रोटोकॉल वेगळा तर आयडीही वेगळा’ म्हणणाऱ्यांनी लिंक पडलेली असताना डेटाबेसमधला १०.२.२.२ म्हणजे नक्की कोणता राउटर, हे शोधून दाखवावं.

‘लूपबॅक (राउटरमधला आभासी इंटरफेस) आहे ना, आपोआप घेतो की’ हेही मला पटत नाही. सिस्को राउटरवरची आयओएस ही प्रणाली घ्या: ती आधी हाताने दिलेला आयडी बघते, तो नसेल तर चालू लूपबॅकवरचा सर्वांत मोठा पत्ता, तोही नसेल तर इतर चालू इंटरफेसवरचा सर्वांत मोठा. ही निवड प्रोसेस सुरू होताना होते. म्हणून कुणी टेस्टिंगसाठी मोठ्या पत्त्याचा लूपबॅक टाकला तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. पुढे कधीतरी राउटर रीलोड होतो, आयडी बदलतो, त्या आयडीवर बांधलेली व्हर्च्युअल लिंक (दुसऱ्या एरियातून जाणारी ओएसपीएफची जोडणी) पडते आणि खापर रीलोडवर फुटतं.

ओएसपीएफमध्ये ‘राउटर-आयडी १०.०.०.१’, ईआयजीआरपीत ‘ईआयजीआरपी राउटर-आयडी’, बीजीपीत ‘बीजीपी राउटर-आयडी’. चालू ओएसपीएफला ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ दिल्याशिवाय नवा आयडी लागत नाही. बीजीपीत मात्र एंटर दाबताच सेशन रीसेट होतात, तेव्हा मेंटेनन्स विंडो घ्याच. ज्युनिपरच्या ज्युनॉसवर ‘राउटिंग-ऑप्शन्स’खाली एकदा लिहिलं की झालं.

खरा घोळ होतो कॉन्फिग कॉपी-पेस्ट करून आयडी डुप्लिकेट झाला की. ओएसपीएफमध्ये शेजाऱ्यांचा आयडी एक असेल तर अ‍ॅडजसन्सी (शेजारी म्हणून जोडणी) जमतच नाही आणि लॉग तसं सांगतो. एकाच एरियात (नेटवर्कच्या एकाच भागात) पण लांब असतील, तर दोघे एकमेकांचा टाइप १ एलएसए (राउटरने स्वतःच्या लिंकबद्दल पाठवलेली नोंद) खोडत बसतात; सीक्वेन्स नंबर चढत जातो, मार्ग मोजणारं एसपीएफ पुन्हापुन्हा चालतं. सर्वांत फसवं ईआयजीआरपी. नेबर उभा, हॅलो व्यवस्थित, फक्त रीडिस्ट्रिब्यूट केलेले (दुसरीकडून ईआयजीआरपीत आणलेले) एक्स्टर्नल रूट येत नाहीत, कारण त्यांवर आपलाच आयडी बघून राउटर ते लूप समजून टाकून देतो. ‘शो आयपी ईआयजीआरपी टोपॉलॉजी’च्या पहिल्या ओळीतला आयडी दोन्हीकडे ताडून बघा.

पिंगचं म्हणाल तर या तिघांना गरज नाही. आयडी म्हणजे ३२ बिटांचा आकडा, पत्त्यासारखा लिहिलेला. नुसत्या आयपीव्ही६च्या राउटरवर ओएसपीएफव्ही३ला (आयपीव्ही६साठीच्या ओएसपीएफला) हाताने आयडी दिल्याशिवाय प्रोसेस उठत नाही, आणि तिथे १.१.१.१ कुठल्याही इंटरफेसवर नसला तरी चालतो. तरी लूपबॅकचाच पत्ता द्या, ट्रेस करायला सोपा.

दोन अपवाद. एकाच राउटिंग टेबलमध्ये दोन ओएसपीएफ प्रोसेस असतील तर आयओएस दुसऱ्याला तोच आयडी घेऊ देत नाही. आणि एमपीएलएस (लेबल बघून पॅकेट पुढे पाठवणं) असेल तर पिंग व्हायलाच हवा: लेबलं वाटणारा एलडीपी प्रोटोकॉल टीसीपी सेशनसाठी डीफॉल्टने आयडीचाच पत्ता वापरतो, म्हणून लूपबॅक /३२ने आयजीपीत (इथे ओएसपीएफ किंवा ईआयजीआरपी) जाहिरात करा आणि ‘एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक०’ लिहिताना शेवटी ‘फोर्स’ लावा. नाहीतर जुन्या आयडीचा इंटरफेस पडेपर्यंत नवा लागू होत नाही.