झडीत बॅटरीच्या पिना हिरव्या का पडतात?

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक बाईकची लिथियम बॅटरी काढता येते. रात्री बाईक कोठ्यात, बैलांशेजारी उभी असते. झड लागली की बॅटरीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतो. तरी पिनांवर हिरवट थर येतो, चार्जिंग मधेच तुटतं. शेतात जाताना नालाही ओलांडावा लागतो. काय करावं?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या बॅटरीला पावसापेक्षा कोठाच जास्त भोवतो आहे, असं दिसतं. जनावरांच्या मुतातून अमोनिया उठतो आणि ओलसर हवेत तो तांब्या-पितळेला खातो. पिनांवरचा हिरवा थर त्याचाच. बाईक कोठ्यातून काढून छपरीत लावा आणि बॅटरी रोज घरात न्या. घरातही युरियाच्या पोत्याजवळ नको, कारण युरिया हवेतली ओल ओढून घेतो. ओल्या फरशीवर न ठेवता पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

घट्ट पिशवी आजच सोडा. दमट हवा आत कोंडते आणि रात्रीच्या गारव्यानं तिचं पाणी होतं. सकाळी पिशवीत हात घालून पाहा, थेंब लागतील. भर पावसात गाडीवर झाकण हवंच असेल तर ते वरून टाका आणि खालची बाजू मोकळी सोडा.

आता पिना. आधी चावी बंद करा, गाडीला एमसीबी (वीज तोडणारा खटका) असेल तर तोही पाडा आणि बॅटरी बाहेर काढा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात जुना मऊ टूथब्रश जेमतेम ओला करून बॅटरीच्या आणि गाडीच्या, दोन्हीकडच्या पिना घासा. दोन पिनांना एकदम टेकेल असं धातूचं काही वापरू नका, शॉर्ट होईल. सँडपेपर तर नकोच. वरचा मुलामा निघाला की पिना आणखी लवकर खराब होतात. २० मिनिटं वाळू द्या, मग सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं) ग्रीस बोटानं अगदी पातळ लावा. पिन घट्ट बसताना टेकण्याच्या जागचं ग्रीस बाजूला सरकतं, धातूला धातू भिडतो आणि आजूबाजूच्या फटी बुजून ओल अडते. बैलबंडीच्या आसाचं ग्रीस इथं चालत नाही. त्यानं रबरी सील फुगू शकतं. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करा. पिन काळी पडली असेल किंवा भोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल, तर तो ढिल्या जोडाच्या उष्णतेचा परिणाम आहे. तिथं कनेक्टरच बदलावा लागतो.

भिजून आल्याबरोबर चार्जर लावू नका. बॅटरी सुती फडक्यानं पुसा, दोन तास सावलीत वारं लागू द्या. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. चार्जर घराच्या आतच असू द्या आणि वीज कडकडायला लागली की प्लग काढा.

नाल्याबद्दल थोडं कडक सांगतो. आयपी ६७ हा पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा आहे. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, पण ती चाचणी नव्या सीलवर आणि स्थिर पाण्यात होते. मोटर चाकात असेल तर पाणी आसापर्यंत आल्यावर गाडी घालू नका. तारा तिथूनच आत जातात.

आणि बॅटरी बुडालीच, तर वरून कोरडी दिसली तरी चार्ज करू नका, खोलूही नका. आतला शॉर्ट काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेतो. ती घर, कोठा आणि कडब्यापासून लांब, उघड्यावर पण पाऊस लागणार नाही अशी ठेवा. सर्व्हिस सेंटरला फोन करताना ती बुडाली होती, हे सगळ्यात आधी सांगा.