नवीन चेन सॉ घेतलंय. झाडं काढून देणं आणि जळाऊ लाकूड विकणं, यात पैसे राहतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरजवळ गाव, चेन सॉ घेऊन झालंय, बांधावरची आणि घराजवळची झाडं छाटून-काढून द्यायची, निघालेलं लाकूड जळणासाठी विकायचं. पैसे राहतात का, आणि सुरुवात कुठून करावी?

राहतात भाऊ. पण या धंद्यात नवीन माणसाचा पैसा दोन ठिकाणी जातो, लाकडातल्या पाण्यात आणि पाल्यात. मशीन कोणतं घेतलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

पाण्याचं आधी सांगतो. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या साधारण 40 टक्के पाणी धरा. काही जातींत त्याहून जास्त असतं. नीट जळायला ते 20 टक्क्यांच्या आत यावं लागतं. म्हणजे 100 किलो ओल्या लाकडात खरं लाकूड 60 किलो, आणि सुकल्यावर काट्यावर भरतं 75 किलो. समजा तुम्ही ओलं लाकूड 300 रुपये क्विंटलने उचललं. सुकल्यावर तीच खरेदी 400 रुपये क्विंटलने पडली, आणि त्यात अजून तोड, फोड, भाडं, हमाली काहीच धरलेलं नाही. वखारवाला ओलं घेताना भाव का पाडतो हे यावरून कळेल. तो लुटतोच असं नाही, पाण्याचे पैसे द्यायला तो तयार नसतो एवढंच. त्यामुळे ओलं लाकूड लगेच विकायचं की सुकवून, हे झाडाला हात लावण्याआधी ठरवा. सुकवायला जागा आणि दोन-तीन महिने पैसे अडकवायची ताकद नसेल, तर ओल्याचाच हिशोब धरून उक्तं घ्या.

आता पाला. बरेच मालक म्हणतात, "लाकूड तुम्ही न्या, काम फुकट करून द्या." बाभळीच्या सरळ बुंध्याला हे परवडतं. पण घराजवळच्या कडुनिंबाच्या छाटणीत जाड लाकूड थोडं आणि डहाळ्या-पाला ट्रॉलीभर निघतो. तो उचलायला एक फेरी जाते आणि विकला जात नाही. अशा कामाला मजुरी वेगळी सांगा. पाला कोण उचलणार हेही आधीच बोलून घ्या, वाद तिथेच होतात. बाभूळ, निंब, सुबाभूळ यांचा ओला पाला शेळ्यांना चालतो. गावातल्या शेळीवाल्याला आदल्या दिवशी निरोप दिला तर तो स्वतः येऊन घेऊन जातो आणि तुमची फेरी वाचते.

कागद. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, बिजा, तिवस, अंजन ही झाडं येतात. स्वतःच्या शेतातलं असलं तरी यातलं झाड परवानगीशिवाय पाडता येत नाही. आपल्याकडे अंजन भरपूर, म्हणून लोक ते सरपण समजतात आणि तिथेच अडकतात. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत 1975 चा कायदा लागतो, तिथे घरच्या अंगणातल्या निंबालाही अर्ज द्यावा लागतो. झाड वाळलंय म्हणून परवानगी नको, हा गैरसमज आहे; वाळलेल्याला ती लवकर मिळते इतकंच. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे नंदुरबारकडे काम घेताना तोंडी व्यवहार करू नका. रस्त्याकडेचं झाड समोरच्या घरमालकाचं नसतं, तो कितीही ठासून सांगो. सातबारा, परवानगीची प्रत आणि मालकाची लेखी संमती गाडीत ठेवा. वाहतुकीचा पास लागतो का, ते झाडाची जात सांगून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारून घ्या.

फांदी कापणं सोपं वाटतं, पण झाडं खराब होतात ती इथेच. मनगटापेक्षा जाड फांदी एका कापात काढली की ती अर्ध्यावर मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली येते. म्हणून तीन काप घ्या. पहिला खालून, खोडापासून एक-दीड फूट लांब, फांदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. त्याहून खोल गेलात तर पातं अडकतं. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन बोटं शेंड्याकडे. इथे फांदी पडते आणि साल पहिल्या कापाशी थांबते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली फुगीर कडी दिसेल. तिला न दुखावता अगदी तिच्या बाहेरून कापा. कडी कापली तर जखम मोठी होते आणि खोडात कूज शिरते. खुंट लांब ठेवला तर तो वाळून कुजतो. जखमेवर डांबर किंवा रंग फासायची गरज नाही, त्याने ओल आत कोंडते. मालकाला "औषध लावलं" असं समाधान मिळतं, तेवढंच.

एका वेळी पानोऱ्याचा चौथाईपेक्षा जास्त भाग काढू नका. एप्रिल-मेच्या उन्हात आजवर सावलीत राहिलेली साल उघडी पडली तर भाजते आणि फाटते. छाटणी थंडी सरताना, नवी पालवी फुटण्याआधी घ्या. मोहोळ आणि पक्ष्यांची घरटी आधी पाहून घ्या. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी मशीन सुरूच करायचं नाही.

पाडणीत आधी खोडावर कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोका. टणटण आवाज आला तर भरीव, धबधब आला तर पोकळ. पोकळ झाड कुठे पडेल ते सांगता येत नाही, ते सोडून द्या. भरीव असेल तर पाडायच्या बाजूला खाच घ्या, जाडीच्या चौथाईइतकी. 40 सेंटिमीटरच्या बुंध्याला 10 सेंटिमीटर. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर, आणि मध्ये 4 सेंटिमीटर लाकूड बिजागरीसारखं शिल्लक ठेवा. ही बिजागरीच झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड वाटेल तिकडे जातं. दोर उंचीच्या दोन-तृतीयांशावर बांधा, आणि ओढणारा माणूस झाडाच्या उंचीपेक्षा दूर हवा. पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ केलेली. फार झुकलेलं झाड मागून कापताना उभं चिरतं आणि बुंधा छातीच्या उंचीवर मागे उसळतो. हात बसेपर्यंत असं झाड घेऊ नका. विजेच्या तारेला लागलेली फांदीही नाही. महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोरड्या दोरानेसुद्धा तिला हात लावायचा नाही. शिडीवर उभं राहून चेन सॉ चालवू नका, वर हातकरवत वापरा.

मशीनबद्दल थोडंच. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटर पेट्रोलला 20 मिली टू-टी ऑइल, 25:1 असेल तर 40. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. म्हणून मिश्रण आठवड्याच्या कामापुरतंच करा. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीला जळकं ऑइल घालू नका, पंप चोंदतो. ढलप्या पडायच्या थांबून पीठ पडायला लागलं की चेन बोथट झाली. प्रत्येक दाताला सारखेच कानशीचे हात द्या, नाहीतर काप एका बाजूला वळतो. बांधावरच्या जुन्या निंबात कुंपणाची तार आणि खिळे गडप झालेले असतात. सालीवर काळा-निळा डाग किंवा फुगवटा दिसला तर तिथे कापू नका.

विक्री जातीप्रमाणे वेगळी करा. बाभूळ आणि चिंच जड, निखारा टिकवणारी, त्यांना ढाबे आणि लग्नाचे आचारी घेतात. पण बाभळीचा सरळ, जाड बुंधा फोडू नका. वखर-बैलगाडीच्या कामासाठी सुतार त्याचे जास्त देतो. चिंचेच्या रुंद ओंडक्याला खाटीक ठोकळ्यासाठी विचारतात. वेड्या बाभळीचं जळण उत्तम, पण काटा टायर आणि तळवा दोन्ही फाडतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. आंबा, शेवगा हलकं, भरकन जळून जातं. खापरावर मांडे करणाऱ्या बाईला मनगटाएवढ्या सारख्या फाडी लागतात, आच एकसारखी हवी असते. आणि भरताच्या वांग्यांसाठी तुमचं लाकूड कोणी विचारणार नाही, तिथे कपाशीच्या काड्याच. त्या भपकन पेटतात, साल करपते आणि गर धुरकट शिजतो. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांच्या दिवसांत काड्यांच्या मोळ्या बांधून ठेवल्या तर तोही धंदा आहे.

बाभूळ ओली असतानाच फोडा, वाळल्यावर घण उडतो आणि पाचर अडकते. फोडलेलं लाकूड विटांवर आडवं-उभं रचा, जमिनीला टेकलं की उधई लागते. खान्देशच्या उन्हात होळीच्या सुमारास फोडलेल्या बारीक फाडी मे अखेरीस तयार होतात. न फोडलेला ओंडका तोवर आतून ओलाच असतो. सुकलं की नाही ते ओळखायला एका फाडीवर रंगाची खूण करा आणि दर आठवड्याला तीच तोला. वजन उतरायचं थांबलं की माल विकायला काढा. मृगाच्या आधी वरून पत्रा टाका, पण बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने चारही बाजूंनी झाकलेल्या ढिगाला बुरशी येते, आणि मग गिऱ्हाईक "धूर फार करतं" म्हणून परत पाठवतं.